नाशिककरांच्या तोंडी ‘रॅम’ कशी आली

गंगापूर रोडला पहाटे सायकल घेऊन निघालेल्या कुणालाही थांबवून विचारा, टूर द फ्रान्स या प्रसिद्ध सायकल रेसपेक्षा ‘रॅम’वर जास्त वेळ बोलेल. सवय लागली 2015 पासून, पण गोष्ट जुनी आहे.

रॅम म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका, अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करायची सायकल रेस. 1982 ला फक्त चार जण कॅलिफोर्नियाच्या सांता मोनिकाहून न्यूयॉर्कला निघाले, तेव्हा नाव होतं ग्रेट अमेरिकन बाईक रेस, आणि लॉन हॅल्डमन 9 दिवस 20 तासांत पहिला पोचला. चौघांतल्या मायकेल शर्मरची तर पुढच्या वर्षीच्या रेसमध्ये मान इतकी गेली की डोकं वर धरता येईना, तेव्हापासून त्या त्रासाचं नावच ‘शर्मर्स नेक’ पडलं. म्हणजे पाय ठीक आहेत, दम आहे, पण समोरचा रस्ता दिसत नाही!

टूर द फ्रान्समध्ये दिवसाचा टप्पा संपला की घड्याळ थांबतं, मग मसाज, जेवण, झोप. रॅममध्ये ते थांबतच नाही, तुम्ही झोपलात तरी वेळ तुमच्याच खात्यात. अंतर साधारण 4800 किमी, म्हणजे नाशिक-मुंबई 28 वेळा, आणि एकट्याने उतरलात तर 12 दिवसांत संपवायचं. रोजचे 400 किमी झाले. त्यामुळे खरी लढत झोपेशी असते असं माझं मत, वेग नंतर.

आपल्याकडून बेंगळुरूचे समीम रिझवी 2010 ला एकटे उतरले होते, तेव्हा आणि नंतरही प्रयत्न केले पण वेळेत जमलं नाही. मग 2015 ला नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ दोघांच्या टीममध्ये गेले. यात आळीपाळीने चालवायचं असतं, एक सायकलवर तेव्हा दुसरा गाडीत, पण मुदतही 9 दिवसांचीच. 8 दिवस 14 तास 55 मिनिटांत ॲनापोलिसला, म्हणजे त्या रेसच्या शेवटच्या ठिकाणी पोचले, रॅम पूर्ण करणारी पहिली भारतीय टीम. दोघंही डॉक्टर, दवाखाना सांभाळून तयारी केलेली, म्हणून इथल्या नोकरी-धंद्यातल्या लोकांना ते जास्त भिडलं असावं. कसारा घाट तर आपणही चढतो की!

एकट्याने पूर्ण व्हायला 2017 उजाडलं. लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ, सैन्यातले डॉक्टर, तेव्हा नाशिकलाच होते. आदल्या वर्षी रेस अर्धवट सोडावी लागली होती, यावेळी 11 दिवस 18 तास 45 मिनिटं, म्हणजे हातात सव्वापाच तास शिल्लक. मागोमाग नागपूरचे डॉ. अमित समर्थ, त्यांच्याकडे तर तीन तासही उरले नव्हते. बारा दिवसांच्या रेसमध्ये तीन तास म्हणजे दोन पंक्चर आणि एक जास्तीची डुलकी.