टेलला पाणी पोचतंय का?

माझ्या मामांचं शेत परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला. पैठणहून सुटलेलं पाणी २०० किलोमीटर येता येता वाटेतल्यांचं पिऊन होतं, मग गाळ साचलेल्या, बाभळी माजलेल्या चारीतून जे काय उरेल ते मामांचं. "पाणी सुटल्याचं पेपरात येतंय, रानात येत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पायाचं दुखणं मात्र त्यांनी या हिशेबात कधी धरलं नाही. आम्हीही नाही. दीड वर्ष ते सांगत होते, "मोंढ्यातून स्टँडला जाईस्तोवर पिंढरी भरून यायली. जरा उभं राहिलं की जातंय, चाललं की पुन्हा हाये." गुडघ्यांचे एक्स-रे झाले. मणक्याचा एमआरआय झाला आणि बासष्टीतल्या माणसाच्या मणक्यात जे हमखास निघतं ते निघालं. "नस दबलीय." कमरेला पट्टा आला, गोळ्या आल्या, रोज रात्री मामी तेल चोळायला लागल्या. चार डॉक्टर झाले, पण चपला-मोजे काढा असं एकानेही म्हटलं नाही.

पाचव्याने म्हटलं. त्याने मामांचं पाऊल हातात घेतलं आणि अंगठ्याकडे जाणाऱ्या ताठ स्नायूबंधाच्या जरा बाहेरच्या बाजूला, पावलाच्या पाठीवर तीन बोटं टेकवली. मग आतल्या घोट्याच्या हाडामागच्या खळगीत. मग दुसरा पाय. मग पुन्हा पहिला. मनगटाची नाडी बघतात तशी तो पायाची नाडी बघत होता, आणि उजव्या पायात ती दोन्ही जागी लागत नव्हती.

या सगळ्या घोळात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे, असं मला वाटतं. 'नस' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. मणक्यात दबते ती नस म्हणजे मज्जातंतू, संवेदना नेणारी तार. सलाइन लावायला सापडत नाही ती नस म्हणजे रक्तवाहिनी, नळी. शाळेच्या पुस्तकात रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी) आणि नीला (ते परत आणणारी) असे छान शब्द होते, पण दहावीनंतर ते कुणी उच्चारत नाही. त्यामुळे 'नसांचा डॉक्टर' म्हटलं की माणूस मेंदू-मणक्याच्या दवाखान्यात जाऊन बसतो. रक्तवाहिन्यांचा वेगळा सर्जन असतो, त्याला व्हॅस्क्युलर सर्जन म्हणतात आणि तो हृदय व मेंदूच्या आतल्या सोडून अंगभरच्या बाकी रक्तवाहिन्या बघतो, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

रक्तवाहिनी अरुंद का होते, ते थोडक्यात. रोहिणीच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षं चरबी, दाहपेशी आणि पुढे कॅल्शियम साचत जातं. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि वय ही त्याची कारणं. पायाच्या बाबतीत तंबाखू आणि मधुमेह या दोघांचा नंबर सगळ्यांच्या वर. साधी, गुळगुळीत नळी धरली तर तिच्यातून वाहणारं द्रव त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतं. म्हणजे दाब तोच ठेवून त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. शरीरातला हिशेब इतका सरळ नसतो, कारण शेजारच्या बारीक वाहिन्या हळूहळू रुंद होऊन आडवाटेने रक्त नेतात. म्हणूनच बसलेल्या माणसाला काही जाणवत नाही. चालायला लागल्यावर पोटरीला कित्येक पट जास्त रक्त हवं असतं, ते आडवाटेने पुरत नाही आणि स्नायू बोंबलायला लागतो.

गंमत म्हणजे हे दुखणं आधी नीट ओळखलं गेलं ते घोड्यात. १८३१ साली फ्रान्समधल्या बूले नावाच्या पशुवैद्याने अशा घोड्याचं वर्णन केलं, जो थोडं धावला की लंगडायचा आणि थांबला की बरा व्हायचा. मेल्यावर तपासलं तर मागच्या पायाची रोहिणी बुजलेली. माणसातलं हेच लक्षण शार्कोने १८५८ मध्ये मांडलं. माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस तो पळवून, थांबवून, पुन्हा पळवून बघतो. स्वतःच्या पायाला आपण एवढीही परीक्षा लावत नाही.

ती परीक्षा अशी. रक्त कमी पडत असेल तर दुखणं ठरावीक अंतरावर येतं आणि नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत जातं. मणक्याचं असेल तर उभं राहून भागत नाही, बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. अशी माणसं सायकल मजेत चालवतात, कारण सायकलवर पाठ वाकलेली असते. गुडघ्याचं दुखणं पहिल्या पावलाला, जिना उतरताना, उकिडवं बसताना येतं. दोन दुखणी एकाच पायात असू शकतात, हे मात्र खरं. मामांचा मणकाही झिजलेला होताच.

पुढची तपासणी मी शेजारी उभं राहून पाहिली. एवढ्या साध्या यंत्राला आपण दीड वर्ष मुकलो याचा मला रागच आला. घोट्याच्या वर रक्तदाबाचा पट्टा बांधला, पावलाला जेल लावून पेनएवढा डॉपलर, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र, टेकवला. डाव्या पायातून शेंदणीच्या दोरासारखा सुक्-सुक् आवाज आला, उजव्यातून वाऱ्याने पत्रा घासावा तसा, मंद. मग पट्टा फुगवून आवाज बंद केला आणि हवा सोडताना तो कोणत्या आकड्याला परत आला ते लिहून घेतलं. दंडाचा दाब १५०, उजव्या घोट्याचा ९०. नव्वद भागिले दीडशे म्हणजे ०.६. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाएवढा किंवा थोडा जास्तच असतो, म्हणजे भागाकार १ च्या आसपास येतो. ०.९ किंवा त्याखाली आला की पायाच्या रोहिणीत अडथळा आहे असं धरतात. ०.४ च्या खाली म्हणजे पाऊल धोक्यात. याला घोटा-दंड निर्देशांक म्हणतात. आडवं पडायचं, दहा-पंधरा मिनिटं लागतात, सुई टोचत नाहीत.

एक मेख आहे. जुना मधुमेह असलेल्यांच्या रोहिणीत कॅल्शियम बसून ती पाइपासारखी कडक होते, पट्ट्याने दबतच नाही, आणि आकडा १.४ च्याही वर जातो. तो बघून खूश व्हायचं नसतं. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, कलर डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करतात.

मधुमेहाचं खरं कपट वेगळंच आहे. तो पाणी तोडतो आणि ओरडणाऱ्याचं तोंडही दाबतो. तळपायाच्या संवेदना गेल्या की ठणका लागतच नाही. नवरात्रात आणि कोजागरीला हजारो लोक तुळजापूरला अनवाणी चालत जातात. त्यात वीस वर्षांचा मधुमेह असलेलेही असतात, आणि खडा रुतल्याचं त्यांना मुक्कामी दुसऱ्याने दाखवल्यावर कळतं. आई भवानीच्या नवसाला मी नाही म्हणणार नाही, पण पायाची तपासणी करून आणि रोज रात्री तळवे बघून चालावं. गरम पाण्याचा शेक तर अशा पायाला विषासमान. पाणी किती गरम आहे हे पायाला कळत नाही, आणि भाजलेली कातडी भरायला लागणारं रक्त तिथे येत नाही.

मधुमेहीच्या पायाची कोणतीही जखम, मग ती चपलेच्या अंगठ्याने पडलेली असो की कुरूप कापताना झालेली, दोन आठवड्यांत भरत आली नाही तर नुसत्या पट्ट्या बदलत बसू नये, नाडी आणि डॉपलर बघून घ्यावं. जखम लाल होऊन पसरायला लागली, वास आला, ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय. फडावर ऊसतोडीला गेलेल्या माणसांना हे सांगताना मला ओशाळल्यासारखं होतं. कोयता पायाला लागला तरी फडात दुसऱ्या दिवशी हजर राहावं लागतं, आणि बीडकडचा डॉक्टर चार-पाच महिन्यांनी, गावी परतल्यावरच भेटतो.

मामांच्या पुढची पायरी रात्रीच्या दुखण्याची. चालायचं राहू द्या, आडवं पडल्यावरही पाऊल ठणकतं. माणूस बाजेखाली पाय लोंबकळत सोडून झोपतो, कारण तेवढ्या उतारानेही चार थेंब जास्त पोचतात. लोंबता पाय लालसर, वर उचलला की पांढराफटक. घरात कुणी असं झोपत असेल तर ही वाट बघायची वेळ नाही, काही दिवसांत व्हॅस्क्युलर सर्जन गाठायचा. बोट काळं पडलं असेल तर त्याहून लवकर.

आणि एक दुखणं असं आहे की त्यात दिवस नव्हे, तास मोजतात. बहुधा हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी सुटते, वाहत जाते आणि मांडीच्या फाट्यावर जाऊन अडकते. चांगला चालता पाय अचानक ठणकतो, गार पडतो, पांढरा होतो, मुंग्या येतात, मग बोटं हलेनाशी होतात. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांत, लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्यांत हे जास्त. साधारण सहा तासांनंतर स्नायू आणि मज्जातंतू कायमचे मरू लागतात. किनवट-माहूरकडून नांदेड गाठण्यातच त्यातले किती जातात ते तिकडच्यांना सांगायला नको. म्हणून अशा पायाला चोळायचं नाही, शेकायचं नाही, "वाऱ्याचा झटका" म्हणून झाडपाला बांधायचा नाही. १०८ ला फोन, आणि पोचल्यावर पहिलं वाक्य "पाय अचानक गार पडलाय, नाडी बघा". १९६३ साली थॉमस फोगार्टी या अमेरिकन डॉक्टरने टोकाला फुगा असलेली नळी जगापुढे आणली. ती गुठळीच्या पलीकडे सरकवायची, फुगा फुगवायचा आणि मागे ओढायचा, गुठळी बाहेर. आजही हेच करतात, फक्त पेशंट वेळेत हवा.

तरुणांबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायची राहिली. पस्तिशीतला बिडी ओढणारा, मधुमेह नाही, कोलेस्टेरॉल नाही, आणि तरी पायाची, कधी हाताचीही बोटं टोकाकडून काळी पडत आलेली. याला बर्गरचा आजार म्हणतात. लिओ बर्गर यांनी १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात बारीक वाहिन्याच सुजून बुजतात, त्यामुळे बायपास, म्हणजे अडथळा चुकवून नेणारी दुसरी नळी, जोडायला पुढे धड वाहिनीच उरत नाही. तंबाखू पूर्ण सुटली तर आजार बहुतेकदा तिथेच थांबतो. एका बिडीवर आलोय, ही भाषा इथे चालत नाही. तंबाखू-चुना आणि बायकांची मिसरीही त्याच हिशेबात.

नीलांचं, म्हणजे परत येणाऱ्या रक्ताचं दुखणं वेगळं. पोटरीवर गांडुळांसारख्या निळ्या गाठी, संध्याकाळी जड पाय, आतल्या घोट्याच्या वर काळवंडलेली कातडी आणि न भरणारा व्रण. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे किंवा फळ्यापुढे उभं राहणाऱ्यांना हे ओळखीचं. घट्ट मोजे याला उत्तम, पण रोहिणी तपासल्याशिवाय घालायचे नाहीत, आधीच कमी असलेलं रक्त आणखी आवळलं जातं. बाळंतपण, ऑपरेशन किंवा दीर्घ अंथरुणानंतर एकच पाय सुजून दुखला तर आतल्या नीलेत गुठळी असू शकते. ती फुप्फुसात गेली तर जीव जातो, म्हणून डॉपलर त्याच दिवशी.

मानेच्या रोहिणीचंही याच सर्जनकडे येतं. एका डोळ्यापुढे पडदा येऊन गेला, तोंड वाकडं होऊन दहा मिनिटांत सरळ झालं, तर "गेलं ना आता" म्हणून घरी बसू नये. मोठा झटका पुढच्या काही दिवसांतच येण्याची भीती असते.

ऑपरेशनची धास्ती मामांनाही होती. प्रत्यक्षात चालताना दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पाय कधीच कापावा लागत नाही. त्यांना जास्त धोका असतो तो हार्ट अटॅक आणि लकव्याचा, कारण जी घाण पायात साचली ती इतर ठिकाणीही साचलेली असते. मामांना बिडी बंद, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि चालणं एवढंच मिळालं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, आणि किमान तीन महिने. त्याने आडवाटा आणि स्नायू दोन्ही सुधारतात.

ज्यांचं यावर भागत नाही त्यांच्यासाठी अरुंद रोहिणी आतून रुंद करणारा फुगा आणि बायपास आहेत. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने ८२ वर्षांच्या एका बाईंची मांडीतली रोहिणी नळ्या सरकवून आतूनच रुंद केली. पाऊल कापायला त्यांनी साफ नकार दिला होता. त्यानंतर मरेपर्यंत त्या स्वतःच्या पायांवर चालल्या. बायपासला बहुधा पेशंटच्याच पायाची लांब नीला वापरतात, आणि ती बऱ्याचदा उलटी करून जोडतात. नीलेत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात, सरळ जोडली तर त्या रक्ताला दार बंद करतील.

आपल्याकडे अडचण अशी की हे सर्जन मोजक्या मोठ्या शहरांत भेटतात. पण नाडी कोणताही डॉक्टर बघू शकतो, आणि कलर डॉपलर जिल्ह्याच्या गावी होतो. रिपोर्ट हातात घेऊन पुढे गेलात तर एक फेरी वाचते. जनआरोग्य योजनेत काय बसतं ते भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. आणि कुणी बोट किंवा पाऊल कापायचं म्हणालं, तर "वरचं रक्त बघितलं का, उघडता येईल का?" एवढं विचारायला लाजू नये. वरून रक्त आणल्याशिवाय कापलेलं बोट भरत नाही, मग पाऊल कापतात, मग गुडघ्याखाली.

मामा आता मोंढ्यातून स्टँडला एकदाच थांबून जातात. तेही दुखलं म्हणून की चहासाठी, ते सांगत नाहीत. पारावर कुणी पाय दुखतो म्हणालं की त्याची चप्पल काढायला लावून पावलावर बोटं टेकवतात आणि गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "टेलला पाणी न्हाई." बऱ्याचदा त्यांनी बोटं चुकीच्या जागी ठेवलेली असतात.