नेम चुकत नाही, तरी गोळी चुकते

रायफलच्या दोन गोळ्या शेजारी ठेवल्या आहेत. व्यास दोन्हींचा ७.८२ मिलिमीटर, वजन साधारण ११ ग्रॅम, म्हणजे नेमबाजांच्या मापात १६५ ते १६८ ग्रेन. दोन्हींवर तांब्याचं चकचकीत कवच आहे. एकीच्या टोकाला जेमतेम दाभण शिरेल एवढं भोक आहे. दुसरीच्या टोकाला करडं शिसं उघडं दिसतं. पहिली स्पर्धेची, तिला मॅच गोळी म्हणतात. दुसरी शिकारीची. भोक दिसलं की बहुतेकांना वाटतं, ही आत शिरून फुलणार, म्हणजे हरणाला हीच लवकर लोळवणार. व्हिडिओ पाहून तर हा समज आणखी पक्का होतो. तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत जनावर मोजतं.

पुढे जाण्याआधी सोलापुरातल्या वाचकाला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नान्नजच्या माळावर उड्या मारताना दिसतं ते काळवीट. ते खरं तर हरीणही नव्हे, कुरंग. सारंगाची म्हणजे खऱ्या हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची पीळदार शिंगं जन्मभर राहतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. त्याच्यावर गोळी झाडली तर तीन ते सात वर्षांची कैद आणि वर दंड. पिकात घुसतं म्हणूनसुद्धा परवानगी मिळत नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल, किंवा बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक तशी परवानगी देऊ शकतात. ज्वारी-तुरीचं नुकसान झालं तर वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करायचा, एवढाच रस्ता आहे. म्हणून या लेखातलं हरीण स्कॉटलंडचं किंवा अमेरिकेचं आहे. स्कॉटलंडमध्ये लांडगा कधीच संपला, त्यामुळे हरणांची संख्या तिथे बंदुकीनेच आटोक्यात ठेवावी लागते. नान्नजला लांडगा अजून आहे.

आता त्या भोकाकडे येऊ. मॅच गोळीचं कवच म्हणजे तांब्यात थोडं जस्त मिसळलेल्या धातूची एक खोल वाटी. वाटीचं बूड तेच गोळीचं बूड. तिच्यात वरून शिशाचा गाभा दाबून बसवतात आणि मग तोंड चिमटत टोकाशी आणतात. मोदकाची पारी करून सारण भरतो आणि वरून कळ्या मिटवत नेतो, तसंच. फरक इतकाच की धातूच्या कळ्या पूर्ण मिटत नाहीत. शेंड्याला उरते ती फट म्हणजे ते भोक. ते फुलण्यासाठी ठेवलेलं नाही, घडणीत उरलेलं आहे.

एवढा खटाटोप बुडासाठी असतो. गोळी नळीतून बाहेर पडते त्या क्षणी मागून तापलेल्या वायूचा लोट तिच्या बुडावर आदळतो. बूड एका बाजूला केसभर जरी वाकडं असेल तरी तो लोट गोळीला तिरकं ढकलतो आणि शंभर मीटरवर त्याचा फरक सेंटीमीटरमध्ये दिसतो. लष्करी गोळीचं कवच साधारणपणे उलट घडवतात, टोक बंद आणि बूड उघडं. ती स्वस्तात बनते, पण इतकी नेमकी जात नाही.

हे भोक फुलण्यासाठी नाही, याची एक साक्ष अनपेक्षित ठिकाणी मिळते. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी टोक उघडं ठेवलेल्या गोळ्या काढल्या. 'डमडम' हे नाव तिथलंच. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात फुलणाऱ्या गोळ्या युद्धातून बाद केल्या. मग अमेरिकी सैन्यातले लांब पल्ल्याचे नेमबाज टोकाला भोक असलेली मॅच गोळी वापरतात ती कशी चालते? १९९० साली त्या लष्कराच्या कायदेतज्ज्ञांनी लेखी मत दिलं, की हे भोक घडणीचा भाग आहे, फुलण्यासाठी केलेलं नाही, म्हणून ही गोळी बंदीत येत नाही. जी गोळी फुलत नाही म्हणून युद्धात चालते, तीच फुलते म्हणून हरणावर झाडायची, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

हवेत मात्र मॅच गोळीला तोड नाही. निमुळतं लांब टोक, मागे होडीसारखं आवळलेलं बूड आणि अक्षाभोवती अगदी समान वाटलेलं वजन. नळीच्या आतल्या पीळदार खाचा, म्हणजे आटे, तिला फिरवतात. १२ इंचांत, म्हणजे साडेतीस सेंटीमीटरमध्ये एक फेरा देणारी नळी असेल आणि वेग सेकंदाला ८२० मीटर असेल, तर गोळी सेकंदाला सुमारे २,७०० गिरक्या घेते. भोवऱ्यासारखी ती या गिरकीवर उभी असते.

हा नेमकेपणा हरणासाठी किती लागतो, तेही मोजून पाहू. चांगल्या रायफलमधून मॅच गोळ्या २०० मीटरवर तीनेक सेंटीमीटरच्या घेरात पडतात. साध्या शिकारी गोळ्या नऊ सेंटीमीटरमध्ये. मध्यम आकाराच्या हरणाचं हृदय आणि फुफ्फुसं मिळून होणारा भाग २० सेंटीमीटरच्या वर्तुळात बसतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकलं, तिथे दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. तिथे मिलिमीटर महत्त्वाचा. हरणाच्या बाबतीत नऊ सेंटीमीटरच्या घेरानेही भागतं. हवेतल्या घसरणीचंही तसंच. २०० मीटरपर्यंत दोन्ही गोळ्यांच्या उंचीत पडणारा फरक जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा असतो. मॅच गोळीचा खरा फायदा ५००-६०० मीटरच्या पुढे सुरू होतो, आणि इतक्या लांबून हरणावर गोळी झाडूच नये. गोळी पोचेपर्यंत पाऊण सेकंदाच्या वर वेळ जातो आणि तेवढ्यात जनावर एक पाऊल पुढे टाकतं.

खरी गोष्ट कातडीच्या आत घडते. ११ ग्रॅमची गोळी ८२० मीटर वेगाने निघाली तर तिच्यात साधारण ३,६०० ते ३,७०० जूल ऊर्जा असते. मॅच असो वा शिकारी, आकडा तोच. फरक पडतो तो ही ऊर्जा कुठे आणि कशी खर्च होते यात. मांस हवेपेक्षा आठशे पटींहून अधिक दाट असतं. हवेत गोळीला सरळ ठेवणारी गिरकी इथे अपुरी पडते. मॅच गोळीचं टोक आतून पोकळ, म्हणजे वजन मागे. जड बाजू पुढे यायला बघते आणि गोळी कोलांटी मारते. ती किती खोल गेल्यावर मारेल, हे तिचं नाक शिरताना किती अंशांनी कललं होतं, आधी बरगडी लागली की नुसतं मांस, वेग किती उरला होता, यावर ठरतं. एकाच डब्यातल्या दोन गोळ्या वेगवेगळ्या खोलीवर उलटतात. हरणाची छाती काही फार रुंद नसते. कित्येकदा गोळी उलटण्याआधीच पलीकडून निघून जाते.

म्हणून मॅच गोळी दोन अगदी उलट्या तऱ्हांनी चुकते. पहिली तऱ्हा अशी, की भोकात केस, कातडं किंवा हाडाचा चुरा अडकतो, टोक मिटतं आणि गोळी दाभणासारखी आरपार जाते. भोक बारीक पडतं, रक्त थोडं सांडतं, हरीण किलोमीटरभर पळतं आणि झुडपात पडून तासन्‌तास मरत राहतं. दुसरी तऱ्हा जवळच्या अंतरावरची. वेग भरपूर असताना खांद्याच्या हाडावर गोळी आदळली की पातळ कवच कडक भाकरीसारखं फुटतं आणि आतलं शिसं सुटून विखुरतं. वर मोठी जखम दिसते, पण फुफ्फुसापर्यंत काहीच पोचत नाही. जनावर लंगडत निघून जातं. गोळी छातीतून बरोबर आरपार जाऊनसुद्धा मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर हरीण दहा-पंधरा सेकंद पळू शकतं. ते सेकंद वाढून तास होऊ नयेत, एवढ्यासाठीच तर चांगली गोळी हवी.

शिकारी गोळीत ही अनिश्चितता आधीच काढून टाकलेली असते. तिचं कवच टोकाशी पातळ आणि बुडाकडे जाडजूड होत जातं, टोकाकडे बऱ्याचदा आतून खाचाही असतात. मांसातला दाब मऊ शिशाला मागे लोटतो, कवच खाचांवर फाटतं, पाकळ्या मागे वळतात आणि जाड बुडाशी येऊन फाटणं थांबतं. ताजी भाकरी मोडताना फाटते पण सुटत नाही, तसं. व्यास दीडपट ते दुप्पट होतो, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ सव्वादोन ते चारपट. शिवाय वजन आता रुंद डोक्याजवळ आल्यामुळे गोळी उलटत नाही, सरळ जाते. हीच गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी साधतात. नॉस्लर या कंपनीच्या १९४८ पासूनच्या गोळीत मधोमध तांब्याची आडवी भिंत असते, पुढचा अर्धा भाग फुलतो आणि मागचा शाबूत राहतो. काही गोळ्यांत शिसं कवचाला वितळवून चिकटवलेलं असतं. बार्न्स या कंपनीने १९८९ मध्ये शिसं पूर्ण काढून टाकलं आणि गोळी अख्खी तांब्याची केली. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला जास्त गिरकी देणारी नळी लागते. शिवाय ती उमलायला वेगही अधिक लागतो, ढोबळमानाने सेकंदाला ६०० मीटर. शिशाच्या बऱ्याच गोळ्यांना ५५० मीटर पुरतो. गोळी बदलली की दुर्बिणीचा नेम पुन्हा लावायलाच हवा. वजन सारखं असलं तरी दोन गोळ्या एका जागी लागतीलच असं नाही.

कारखाने हे तपासतात ते मांसाच्या जागी वापरायच्या दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात, चार अंश सेल्सिअसला. ठोकळा नीट जमला का हे पाहण्यासाठी आधी ४.५ मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने मारतात. तो साडेआठ सेंटीमीटर आत गेला, एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे, तरच ठोकळा धरायचा. थंडी कमी पडली की ठोकळा मऊ होतो आणि प्रत्येक गोळी भलतीच खोल गेलेली दिसते.

नियमाला अपवादही आहे, आणि तो लपवू नये. बर्गर या कंपनीच्या पातळ कवचाच्या काही गोळ्या स्पर्धेत नळीतल्या घर्षणाने आणि गिरकीने हवेतच फुटायच्या. म्हणून तिने नेमबाजीसाठी जाड कवचाच्या गोळ्या काढल्या आणि पातळ कवचाच्या गोळ्या शिकारीसाठी ठेवल्या. त्या थोडं आत जाऊन मुद्दामच फुटतात. म्हणजे दिसण्यावरून ओळखायला जाल तर फसाल. हॉर्नडी कंपनीच्या स्पर्धेच्या आणि शिकारीच्या, अशा दोन्ही गोळ्यांना लाल टोक असतं. डब्यावर काय लिहिलंय तेच वाचायचं. सिएरा ही कंपनी तर आपल्या मॅचकिंग नावाच्या मॅच गोळ्या शिकारीसाठी वापरू नका असं स्वतःच सांगते.

इंग्लंडचा १९९१ चा हरीण कायदा गोळी 'मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाची' असावी एवढंच म्हणतो. या शब्दांच्या फटीतून मॅच गोळी आत येते. स्कॉटलंडचा १९८५ चा आदेश जास्त शहाणा आहे. गोळी ठरल्याप्रमाणे विस्तारण्यासाठीच घडवलेली असावी, अशी त्याची अट आहे. तो टोकाचा आकार पाहत नाही, काम पाहतो.

फुटलेल्या शिशाचा त्रास हरणापुरता थांबत नाही. क्ष-किरण चित्रात जखमेभोवती हिमकणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, काही तर गोळीच्या मार्गापासून बरेच दूर. टाकून दिलेली आतडी खाणारे गिधाड-गरुड त्यानेच विषबाधा होऊन मरतात. कॅलिफोर्नियात काँडर गिधाडं वाचवण्यासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत.

हे ठिपके सोलापुरातही उपयोगी पडू शकतात. माळावर गोळी लागून पडलेलं काळवीट दिसलं तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. शवविच्छेदनाआधी क्ष-किरण चित्र काढलं, तर गोळी अखंड आहे की फुटली आहे हे सुरी लावण्यापूर्वीच समजतं. गोळी कोणत्या बंदुकीतून सुटली हे शोधायला मदत करणारे नळीतल्या आट्यांचे ओरखडे कवचाच्या बाजूंवर उमटलेले असतात, आणि शिकारी गोळीचं फुललेलं डोकं बिघडलं तरी जाड बुडावर ते बऱ्याचदा वाचता येतात. म्हणून शवविच्छेदन करणाऱ्यांनी तुकडा लोखंडी चिमट्याने ओढू नये. प्लास्टिकच्या चिमट्याने उचलावा आणि कोरड्या कागदात गुंडाळावा. मॅच गोळीचा नुसता चुरा उरला असेल, तर तपास करणाऱ्यांनी आसपासच्या गवतात काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी शोधावी. तिच्या बुडावर घोड्याच्या टोचणीचा ठसा असतो.