ओला चिखल लगेच पुसू नका

गालिच्यावर चिखल पडला की ताबडतोब ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर डाग कायमचा बसतो, असं नाशिकच्या घराघरांत सांगितलं जातं. हे चुकीचं आहे. आपली काळी माती चिकण, तिचे कण अतिशय बारीक. ओलेपणी घासलं की ते धाग्यांच्या मुळाशी शिरतात आणि बोटभर डागाचा वीतभर होतो. चिखल वाळू द्या. श्रावणातल्या दमट हवेत पंखा लावा. वाळून भेगा पडल्या की खपल्या बोथट चमच्यानं उचला, व्हॅक्यूम फिरवा. उरलेला डाग सौम्य साबणपाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं कडेकडून आत टिपा. लोकरीच्या गालिच्याला धुण्याचा सोडा मुळीच नको, धागा खराब होतो.

मात्र सराफ बाजारात शिरतं तसं गोदावरीच्या पुराचं पाणी घरात आलं, तर वाट पाहू नका. त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. गालिचा लगेच बाहेर काढा.