आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी स्त्रीबीजं लवकर संपतात का?

‘आयव्हीएफची हार्मोनची इंजेक्शनं घेतली की स्त्रीबीजांचा साठा संपतो आणि पाळी लवकर जाते’, हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) एकाच वेळी दहा-बारा बीजं काढतात म्हटल्यावर ही शंका येणं साहजिकच.

पण इंजेक्शन नसतानाही काय होतं ते पाहा. जन्मतः मुलीकडे सुमारे 10 ते 20 लाख बीजं असतात, वयात येताना 3-4 लाख उरतात, आणि आयुष्यभरात जेमतेम 400-500 परिपक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची? आपोआप विरतात. दर महिन्याला अनेक बीजं वाढीला लागतात. शरीरातलं एफएसएच (बीजं वाढवणारं हार्मोन) मोजकंच, त्यामुळे बहुधा एकच टिकतं. इंजेक्शनातून तेच एफएसएच जास्त मिळतं आणि त्या महिन्यात एरवी वाया जाणारी बीजं वाढतात. पुढच्या महिन्यांचा साठा तसाच राहतो.

पडताळायचं असेल तर उपचारापूर्वी आणि नंतर दोन-तीन पाळ्या गेल्यावर एएमएचची (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या हार्मोनची) रक्ततपासणी करून आकडे ताडून पाहा. (वयानुसार थोडी घट होतेच.) काहींची पाळी लवकर जाते हे खरं, पण त्यांचा साठा बहुधा आधीच कमी असतो, म्हणून तर उपचार लागलेले असतात.

खरी काळजी वेगळीच: इंजेक्शनांनी बीजकोश (अंडाशय) अतिउत्तेजित होणं. पोट फुगलं, उलट्या झाल्या, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तर लगेच डॉक्टरांना फोन करा.