कोपऱ्यातलं घड्याळ चाळीस दिवस मागे

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या चुलतभावाचं सेवा केंद्र आहे. पीक विम्याची मुदत जवळ आली की त्याच्या दारात चपला ठेवायला जागा उरत नाही. २२ जुलैला सकाळीच त्याचा फोन आला. "दादा, नेट चालू हाय, तरी अर्ध्या साइटा खुलतात अन् अर्ध्या नाही खुलत. लोकायले सांगू तं काय सांगू?"

मी पोचलो तोवर तो लोकांना एकच सांगत होता, "सर्वर डाउन हाय." रांगेतले एक आजोबा सात किलोमीटरवरून सलग दुसऱ्या दिवशी आले होते. "काल बी डाउनच होता बाप्पा. निंदण सोडून आलो मी." त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा आणि पासबुक होतं. कुठल्याही सरकारी वा खासगी सर्वरवर ठपका ठेवण्याआधी आपलं यंत्र तपासायला हवं, हे मला त्यांच्याकडे बघून फार तीव्रतेनं वाटलं.

पहिली तपासणी एका मिनिटाची असते. केंद्रातल्याच वाय-फायवर माझा मोबाइल जोडला आणि तीच साइट उघडली. लगेच उघडली. म्हणजे सर्वर चालू होता, लाइनही ठीक होती. बिघाड टेबलावरच्या डेस्कटॉपमध्ये होता.

मोबाइलवरही तीच साइट अडली असती, पण मोबाइल डेटावर उघडली असती, तर संशय राउटरवर, म्हणजे वाय-फायच्या डब्यावर, गेला असता. फायबर कनेक्शनमध्ये हे कधी कधी घडतं. इंटरनेटवरचा माल छोट्या छोट्या गठ्ठ्यांनी येतो आणि एका गठ्ठ्याची नेहमीची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. लॉगिन लागणाऱ्या अनेक फायबर जोडण्यांमध्ये त्यातले ८ बाइट वरच्या वेष्टनात जातात, मालाला १४९२ उरतात. कापसानं उंच भरलेली गाडी रेल्वेच्या बुटक्या पुलाखाली अडावी, तसा पूर्ण भरलेला गठ्ठा तिथे अडतो. अडल्याचा निरोप पाठवणाऱ्याकडे परत गेला तर तो माल लहान करून पुन्हा धाडतो; पण वाटेतली एखादी फायरवॉल, म्हणजे ये-जा तपासणारी चौकी, तो निरोपच गिळते. मग छोटी पानं उघडतात आणि सुरक्षित साइट नुसती फिरत राहते, कारण ओळख पटवण्याची कागदपत्रं हाच तिचा पहिला मोठा गठ्ठा असतो. राउटरमध्ये एमटीयू नावाच्या सेटिंगला १४९२ लिहिलं की बहुधा काम होतं. याची खूण अशी, की पडद्यावर चूक दिसत नाही, फक्त चक्र फिरतं.

आमच्याकडे मात्र पडद्यावर इंग्रजीत चक्क लिहून आलं होतं की तुमचं घड्याळ मागे आहे. लाल रंग दिसला की आपण घाबरून पान बंद करतो, खालची ओळ वाचत नाही. मी उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे तारीख होती १२ जून. भावाच्या ते कधी लक्षात आलं नव्हतं, कारण वेळ बघायला त्याच्या खिशात मोबाइल असतो, आणि मोबाइलला वेळ टॉवरवरून मिळते.

आता, तारीख चुकली म्हणून साइट का अडावी? पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असलेली प्रत्येक साइट ब्राउझरला आधी आपलं प्रमाणपत्र दाखवते. त्यावर साइटचं नाव, तिची सार्वजनिक किल्ली (साइटची ओळख पडताळायला सगळ्यांना दिलेला लांबलचक आकडा), ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही आणि दोन तारखा असतात: कधीपासून वैध, कधीपर्यंत वैध. एसटीच्या मासिक पाससारखंच. पास कितीही खरा असो, कंडक्टरच्या हातातलं कॅलेंडर मागच्या महिन्याचं असेल तर तो म्हणणार, हा पास अजून सुरूच झालेला नाही, उतरा खाली. ब्राउझरकडे संगणकाच्या घड्याळाखेरीज दुसरं कॅलेंडर फारसं नसतं.

अर्ध्या साइटा का उघडत होत्या, याचंही उत्तर याच तारखांमध्ये आहे, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा भाग. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते ती नेहमीची प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात आणि साइटवाले ती साधारण ६० व्या दिवशी बदलतात. म्हणजे अशा साइटचं प्रमाणपत्र आज शून्य ते साठ दिवसांच्या मधल्या कुठल्याही वयाचं असू शकतं. आपलं घड्याळ ४० दिवस मागे असेल, तर ज्यांचं वय चाळिसाच्या आत आहे ती सगळी आपल्या संगणकाच्या लेखी अजून जन्मलेलीच नाहीत. अशा तीनातल्या दोन साइट अडतात, एक उघडते. ज्यांनी लांब मुदतीचं प्रमाणपत्र घेतलंय त्यांच्यातल्या बहुतेक मजेत उघडतात. आणि काल उघडणारी साइट आज अचानक बंद होते, कारण रात्री तिनं पास नवा केला. दुकानात बसलेल्या माणसाला हे सर्वरचं येणंजाणं वाटलं तर त्यात त्याचा दोष नाही.

पुढे हे वाढणार आहे. सार्वजनिक किल्लीची जोडीदार, साइटनं स्वतःजवळ लपवलेली खासगी किल्ली चोरीला गेली तर चोराला ती थोडेच दिवस वापरता यावी, म्हणून प्रमाणपत्रांची मुदत मुद्दाम कमी केली जातेय. २०१८ मध्ये ती जास्तीत जास्त ८२५ दिवस होती, २०२० मध्ये ३९८ झाली. मार्च २०२६ पासून २०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस, असं वेळापत्रक ठरलं आहे. ४७ दिवसांच्या जमान्यात चाळीस दिवस मागे असलेल्या संगणकावर जवळपास काहीच उघडणार नाही.

अशा वेळी एक घातक शॉर्टकट हाताशी असतो. काही इशाऱ्यांच्या पानांवर 'तरीही पुढे जा' अशी वाट असते, आणि रांग वाढली की बोट तिकडे वळतं. बँकेच्या, आधारच्या, पैशाच्या साइटवर ती वाट कधीच धरू नये, हे मी भावाला दोनदा बजावलं. मधेच कुणी तोतया साइट घुसवली तरी ब्राउझर असाच इशारा देतो, आणि इशारा डावलून पुढे गेलो की त्याची राखण संपली. अनेक साइट तर ब्राउझरला आधीच सांगून ठेवतात की आमच्याकडे कुणालाही असं सोडायचं नाही. तिथे ती वाट दिसतच नाही.

तारीख बरोबर असूनही जुन्या संगणकावर साइट अडते, त्याचं कारण निराळं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी विश्वास कुणावर ठेवायचा, याची यादी संगणकात किंवा ब्राउझरमध्ये असते. त्या यादीतल्या नोंदींना मूळ प्रमाणपत्रं म्हणतात. त्यांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २००० ला निघालेलं डीएसटी रूट सीए एक्स-३ नावाचं एक मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, आणि अपडेट न झालेल्या कित्येक यंत्रांवर त्या दिवसापासून धडधाकट साइट बंद पडल्या. ग्रामपंचायतीत, शाळेत अजून विंडोज ७ दिसतं. त्याला नेहमीचे अपडेट देणं मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं. क्रोम ब्राउझरची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. तिथे घड्याळ कितीही जुळवा, आज ना उद्या अडणारच. विंडोज नवं करणं, नाहीतर यंत्रच बदलणं, हा खरा उपाय.

भावाचं यंत्र विंडोज १० चं, बरं होतं. तारीख हातानं बरोबर केली, टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली हाच आहे ना ते पाहिलं, आपोआप वेळ मिळवण्याचं बंद असलेलं बटण सुरू केलं. ब्राउझर बंद करून उघडला. साइट आली. आजोबांचा अर्ज पहिला भरला.

पण घड्याळ मागे पडलंच कसं? दुपारी जेवणाच्या वेळेला भिंतीवरचा विजेचा बोर्ड बंद करून, वायर काढून, संगणकाच्या डब्याचं एका बाजूचं झाकण उघडलं. आत बोटभर धूळ, आणि मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीवर, रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं: २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. नवा असताना ३ व्होल्ट. माझ्या मीटरवर याचे २.३ आले.

हा सेल एका इवल्याशा क्वार्ट्झ स्फटिकाला थरथरत ठेवतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा. आकडा विचित्र वाटतो, पण तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, आणि निम्मं करत जाणं इलेक्ट्रॉनिक सर्किटला सगळ्यात सोपं. तोच एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद.

संगणक बंद असला तरी भिंतीवरचा बोर्ड चालू असेल तर हे घड्याळ विजेवर चालतं, सेलला हात लागत नाही. आपल्याकडे मात्र रात्री बोर्ड बंद करायची सवय, आणि ती योग्यच आहे. विजांच्या दिवसांत कोण चालू ठेवेल? शिवाय लाइट जाणं आहेच. म्हणून शहरातल्या संगणकाचा सेल वर्षानुवर्षं आराम करतो आणि आपला रोज रात्री राबतो. तो अगदी मरायच्या आधी अशी अवस्था येते, की तारीख कशीबशी लक्षात राहते पण स्फटिक थांबतो. भाऊ रात्री आठला बोर्ड बंद करायचा, सकाळी नऊला लावायचा. रोज तेरा तास घड्याळ जागच्या जागी. चाळीस दिवसांचे ९६० तास, म्हणजे साधारण ७४ रात्री. मे महिन्यापासून हे चाललं असणार.

संध्याकाळी दारव्ह्याच्या घड्याळवाल्याकडून नवा सेल आणला. अधिक खूण वर ठेवून, क्लिप दाबून बसवला. संगणक सुरू होताना डिलीटची कळ दाबून आतल्या सेटिंगमध्ये तारीख-वेळ घातली. मग मुद्दाम बोर्ड बंद केला आणि तसाच रात्रभर राहू दिला.

सकाळी भावानं फोटो पाठवला. पडद्याच्या कोपऱ्याशेजारी त्याचा मोबाइल धरलेला. दोन्हीकडे २३ जुलै, ९ वाजून १० मिनिटं.