अंधारातला डोळा आणि बिडीचा धूर

गेल्या हंगामात केजहून बीडला रात्री जीपने येत होतो. नेकनूर सोडलं आणि ड्रायव्हरमामांनी गुडघ्याने स्टेअरिंग सांभाळत बिडी पेटवली. ‘ओढली की झोप उडते, सर.’ दोन झुरक्यांत बिडी विझली, पुन्हा काडी. तेंदूपान कागदासारखं सलग जळत नाही, ओढणं थांबलं की विझतं. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. काडी ओढून बिडी पेटवायला तीन सेकंद धरले तरी ६६ मीटर झाले. तेवढ्यात समोर उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. करकचून ब्रेक लागला म्हणून वाचलो.

हात गुंतले होते हे खरं, पण मला जास्त काळजी वाटते ती मामांच्या डोळ्यांची.

बिडी-सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटीहून अधिक घट्ट धरतं. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा. त्यातली एक या वायूने बळकावली की उरलेल्या तीन जागांवरचा ऑक्सिजनही सहज सुटत नाही. म्हणजे रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींच्या पदरात कमी पडतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले होते.

आता डोळ्याकडे या. अंधुक उजेडात आपण पाहतो ते दृष्टिपटलातल्या दंडपेशींनी. प्रत्येक डोळ्यात त्या सुमारे १२ कोटी. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की या पेशी उजेडापेक्षा अंधारात जास्त राबतात. अंधार असताना त्यांच्या आवरणातली दारं उघडी असतात आणि सोडियमचे आयन सतत आत येत राहतात. प्रकाश पडला की दारं मिटतात, आणि हे मिटणं हाच मेंदूला जाणारा निरोप. पण तोवर आत आलेला सोडियम बाहेर उपसत राहावं लागतं, विहिरीला पाझर चालू असताना मोटार बंद करता येत नाही तसं. या उपशाला ऊर्जा लागते, ऊर्जेला ऑक्सिजन. म्हणून दंडपेशींची ऑक्सिजनची भूक अंधारात सर्वाधिक. नेमक्या त्याच वेळी धूर पुरवठा घटवतो. बिनदिव्याची ट्रॉली ओळखायची ती याच पेशींनी!

आणि झोप उडते त्याचं काय? निकोटीन तरतरी देतं, पण सवयीच्या माणसाला वाटणारी हुशारी बरीचशी तलफ भागल्याची असते. थकवा जागेवरच राहतो. काच खाली केली तरी रक्तातला वायू उडून जात नाही. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीनेही नजर सुधारत नाही. तेच पैसे ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर लावायला खर्च व्हावेत, असं मला मनापासून वाटतं.

२००३ च्या तंबाखू कायद्याने सार्वजनिक वाहनात धूम्रपानाला मनाई आहे, त्यात प्रवासी जीपही आली. इंग्लंडमध्ये २०१५ पासून १८ वर्षांखालचं कुणी सोबत असेल तर खासगी मोटारीतही बंदी आहे. माझ्या मते गाडी चालवताना ओढायला परवानगी नसावीच, गाडी कुणाचीही असो. मात्र गाडी बाजूला घेऊन ओढली तर फक्त हात मोकळे होतात, रक्त नाही. म्हणून रात्रीच्या फेरीवर निघण्याआधीची बिडीही मोजायला हवी.

त्या रात्री मामांना मांजरसुंब्याला धाब्यावर गाडी लावायला सांगितली. ते चहा घेऊन सीटवरच वीस मिनिटं झोपले. चहातल्या कॅफिनचा असर जाणवायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.