अरेषीय विरूपण (ॲम्प्लिफायरमधील)

ॲनालॉग सर्किटमधून जाताना सिग्नल नुसता मोठा न होता त्याचा आकार बदलतो आणि मुळात नसलेल्या फ्रिक्वेन्सी त्यात मिसळतात, तेव्हा त्याला अरेषीय विरूपण म्हणतात. विदर्भातल्या खेड्यांत भागवत सप्ताह असो की खंजिरी भजन, ॲम्प्लिफायर आणि भोंगे लागतातच. तिथे याच दोषाला ‘आवाज फाटतो’ असे म्हणतात. खरखर आणि हम (सतत येणारी गुणगुण) हे वेगळे दोष आहेत. माईक बंद असला तरी ते ऐकू येतात. विरूपण मात्र सिग्नल असेल तेव्हाच दिसते.

१००० हर्ट्झचा शुद्ध सूर दिला की २०००, ३००० हर्ट्झ असे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सूर, म्हणजे हार्मोनिक, निघतात. त्यांहून कानाला जास्त टोचते ते आंतरमिश्रण, म्हणजे दोन सूर मिसळून नवे सूर निघणे. पेटीचे ५०० आणि ६०० हर्ट्झचे सूर एकत्र वाजले, तर १००, ४०० आणि ७०० हर्ट्झही उमटतात आणि भजनाचा पोत बिघडतो.

एकूण हार्मोनिक विरूपणाच्या टक्केवारीवरून दोषाची जागा कळत नाही. सिग्नलची पातळी बदलल्यावर ते कसे बदलते, यावरून कळते. भोंगा काढून तिथे ८ ओहमचा, पुरेशा वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावावा, १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह द्यावी आणि आउटपुट ४७ किलो-ओहम व १ किलो-ओहमच्या रेझिस्टरांच्या विभाजकातून (व्होल्टेज कमी करणाऱ्या जोडीतून) लॅपटॉपच्या साउंड कार्डात घेऊन स्पेक्ट्रम (कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे याचा आलेख) पाहावा. ब्रिज आउटपुटचे (ज्यात भोंग्याची दोन्ही टोके ॲम्प्लिफायरच चालवतो) कोणतेही टोक ग्राउंडला जोडू नये, आउटपुट ट्रान्झिस्टर जातात.

पातळी दुप्पट केल्यावर दुसऱ्या हार्मोनिकची टक्केवारीही दुप्पट झाली, तर संशय एकट्या ट्रान्झिस्टरच्या सुरुवातीच्या स्टेजवर घ्यावा. एमिटर रेझिस्टर कपॅसिटरने पूर्ण बायपास असेल तर बेसवरच्या (ट्रान्झिस्टरच्या इनपुट टोकावरच्या) अवघ्या १ मिलिव्होल्ट शिखराला सुमारे १ टक्का विरूपण होते. एमिटर रेझिस्टरचा काही भाग बायपासशिवाय ठेवला की ते बरेच उतरते. मोबाइलचे आउटपुट थेट माईकच्या सॉकेटात दिले, तर हीच स्टेज भरून जाते; मग मास्टर व्हॉल्यूम कितीही कमी केला तरी आवाज फाटलेलाच राहतो.

पातळी कमी केल्यावर टक्केवारी वाढत असेल, तर तो क्रॉसओव्हर दोष. कीर्तनकार मोठ्याने बोलतात तेव्हा शब्द स्वच्छ, हळू बोलले की घोगरे, ही त्याची खूण. पुश-पुल आउटपुटमध्ये दोन ट्रान्झिस्टर वेव्हचा अर्धा-अर्धा भाग सांभाळतात; एक ट्रान्झिस्टर बंद होऊन दुसरा चालू होण्यापूर्वी मध्ये खाच पडते. ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर सिग्नलशिवाय साधारण २० ते २५ मिलिव्होल्ट, म्हणजे १०० मिलिॲम्पिअरच्या आसपास करंट ठेवावा. ही जुळणी ॲम्प्लिफायर अर्धा तास चालून गरम झाल्यावरच करावी. बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. चंद्रपूर-अकोल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात हा करंट ठरवणारा बायस ट्रान्झिस्टर हीटसिंकवरून सुटलेला असेल, तर करंट वाढतच जातो आणि शेवटी आउटपुट जळते.

ठरावीक पातळीनंतर विरूपण एकदम उसळले, तर ते क्लिपिंग, म्हणजे पुरवठ्याच्या मर्यादेला लागून वेव्हचे माथे कापले जाणे. इथे पहिल्यांदा पुरवठा तपासावा. कृषिपंप सुरू झाले की २३० व्होल्ट १८० वर येतात. साध्या, नियंत्रण नसलेल्या पुरवठ्यात कमाल पॉवर मग सुमारे ६१ टक्केच उरते. फिल्टर कपॅसिटर सुकला असेल, तर चपटे झालेले माथे १०० हर्ट्झने खालीवर हलताना दिसतात. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत देणे) इतर दोष पुष्कळ आवरतो, क्लिपिंगपुढे मात्र त्याचे काही चालत नाही.

खालच्या सुरांतच आवाज फाटत असेल, तर १०० व्होल्ट लाइनच्या (लांबवरच्या भोंग्यांना आवाज पोचवणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरचा गाभा संतृप्त होत असतो. तेवढ्याच व्होल्टेजला १०० ऐवजी ५० हर्ट्झवर गाभ्यातला चुंबकीय फ्लक्स दुप्पट होतो. १५० हर्ट्झखालचा भाग फिल्टरने कापावा. भोंगा तो नीट वाजवत नाहीच. उलट, मोठ्या आवाजाला फक्त वरचे सूर बिघडत असतील, तर स्लू रेट (आउटपुट व्होल्टेज किती वेगाने बदलू शकते ते) पाहावा. ७४१ या ऑप-ॲम्प आयसीचा स्लू रेट मायक्रोसेकंदाला ०.५ व्होल्ट असल्याने १० व्होल्ट शिखर तो सुमारे ८ किलोहर्ट्झपर्यंतच सांभाळतो. टीएल०७२ हा वेगवान आयसी घातल्यास ही अडचण उरत नाही, पण आधी पुरवठ्याचे व्होल्टेज आणि पिनांची जुळणी पाहून घ्यावी.

रेझिस्टरवर वेव्ह स्वच्छ आणि भोंग्यावर आवाज फाटलेला, असे आढळल्यास सर्किट उघडू नये. भोंग्याच्या युनिटमधली घासणारी कॉइल किंवा तडकलेला डायफ्राम बदलावा.